लखनौचा डाव, देशी नियमांचा

हवेलीत दुपारचा डाव रंगलेला आहे. मीर रोशन अली आणि मिर्झा सज्जाद अली पटावर वाकून बसलेत, हुक्का हाताशी आहे, आणि अशात मुन्शी नंदलाल भेटीला येतात. बोलता बोलता मुन्शीजी सांगतात, की कंपनी सरकारचे साहेबलोकही हाच खेळ खेळतात, फक्त त्यांची रीत निराळी आहे. त्यांच्या पटावर वजीर नाही, त्याच्या जागी राणी असते. त्यांचं प्यादं पहिल्याच चालीला दोन घरं पुढे जाऊ शकतं. डाव त्यामुळे लवकर निकाली निघतो. दोघे सरदार ऐकतात, थोडे अस्वस्थ होतात, आणि पुन्हा आपल्या डावाकडे वळतात.

सत्यजित राय यांच्या १९७७ सालच्या ‘शतरंज के खिलाडी’ या चित्रपटातला हा प्रसंग. संजीवकुमार मिर्झा आहेत, सईद जाफरी मीर आहेत. मुन्शी नंदलालच्या भूमिकेत आहेत डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. बेने इस्रायली समाजातला हा नट. आडनावातच अलिबागजवळचं चौल आहे. लखनवी खानदानी मंडळींना इंग्रजी बुद्धिबळाचे नियम समजावून सांगायला रायना कोकणातल्या आडनावाचा माणूस सापडला, ही गोष्ट मराठी वाचकाला सुखावणारी आहे.

चित्रपटाबद्दल गेल्या जवळजवळ पाच दशकांत पुष्कळ लिहिलं गेलं. अवधचा बादशहा वाजिद अली शाह, त्याच्या भूमिकेतले अमजद खान, बिरजू महाराजांची नृत्यरचना, राज्य जात असताना डावात गुंग झालेले उमराव. हे सगळं लिहिताना एका गोष्टीकडे मात्र जवळजवळ कुणी पाहिलं नाही. ती म्हणजे खुद्द तो खेळ. मीर आणि मिर्झा जो डाव खेळत होते, तो आज शाळेत मुलं खेळतात तो नव्हे. पट तोच, चौसष्ट घरांचा; मोहरे जवळपास तेच; पण नियम वेगळे, त्यामुळे चाल वेगळी, लय वेगळी, जिंकण्याची कल्पनाही वेगळी. तो डाव उत्तरेत अयोध्या-लखनौपासून खाली कोकण-देशापर्यंत घराघरांत खेळला जात होता. आज तो खेळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी उरली असतील. अवधचं राज्य बुडाल्याचं दुःख साहित्याने केलं, सिनेमाने केलं. या डावाचं दुःख अजून कुणी केलेलं नाही.

आधी तो डाव मांडून पाहू.

पट कापडाचा. घरं काळी-पांढरी नाहीत. सगळी एकाच रंगाची, नुसत्या रेघांनी आखलेली. काही ठरावीक घरांत फुलीची खूण असते. ही खूण बुद्धिबळाहूनही जुन्या अष्टापद नावाच्या पटावरून आलेली आहे. कोपऱ्यात हत्ती, त्याच्या शेजारी घोडा, मग उंट, मध्ये राजा आणि वजीर, पुढे आठ प्यादी. इथपर्यंत ओळखीचं वाटतं. पण समोरासमोर पाहा: आजच्या पटावर राजासमोर राजा आणि वजिरासमोर वजीर येतो. देशी पटात एकाचा राजा दुसऱ्याच्या वजिराच्या तोंडावर उभा असतो. म्हणजे डाव सुरू होण्याआधीच दोन्ही राजे धाकात.

प्यादं एकच घर चालतं, पहिल्या चालीलाही. काही ठिकाणी राजा, वजीर आणि हत्ती यांच्या पुढच्या प्याद्यांना दोन घरांची सवलत असे, तीही मागचा मोहरा आपल्या जागेवरून हललेला नसेल तरच. किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला सबंध डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येते, आणि तीसुद्धा त्याला तोवर एकदाही शह बसला नसेल तर. या एका कलमाने खेळाचं सगळं गणित बदलतं. प्रतिस्पर्ध्याला लवकर एक शह देऊन ठेवला की त्याच्या राजाची उडी कायमची गेली. आजच्या खेळात असला शह वाया गेलेली चाल समजला जाईल. देशी डावात त्याची किंमत मोहऱ्याएवढी.

प्याद्याच्या बढतीचा नियम तर विचार करण्यासारखा आहे. आज शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं हवं ते बनतं, आणि बहुतेक वेळा वजीरच बनतं. एका पटावर दोन-दोन वजीरही दिसतात. देशी डावात प्यादं ज्या पट्टीत शेवटाला पोचेल, त्या पट्टीचा मोहरा बनतं. हत्तीच्या पट्टीत पोचलं तर हत्ती, घोड्याच्या पट्टीत घोडा. राजाच्या पट्टीतलं वजीर होतं. आणि तो मोहरा आधी मेलेला असावा लागतो. त्यामुळे कोणतं प्यादं कुठल्या पट्टीने न्यायचं, मध्येच मारामारी करून ते शेजारच्या पट्टीत सरकवायचं का, आणि त्यासाठी आपला कोणता मोहरा बळी द्यायचा, हा हिशेब डावाच्या मध्यापासूनच सुरू व्हायचा.

शेवटही एकाच तऱ्हेचा नव्हता. प्रतिस्पर्ध्याचे सगळे मोहरे मारून त्याचा राजा एकटा उरला, तर ती पुरी मात नव्हे. उत्तरेत तिला बुर्द म्हणत, आपल्याकडे बुर्जी. अर्धाच विजय. म्हणून कसलेला खेळाडू समोरच्याचा शेवटचा मोहरा मुद्दाम जिवंत ठेवी आणि त्याला वळसा घालून मात करी. प्याद्याने केलेली मात सगळ्यांत मानाची. प्यादेमात झालेला माणूस काही दिवस मंडळींत तोंड दाखवायला कचरे. डावाच्या सुरुवातीला दोघांनीही एकदम ठरावीक चाली करून घ्यायच्या, अशीही पद्धत पुष्कळ ठिकाणी होती. किती चाली, हे गावागणिक बदलत असे.

हा गावागणिक फरक हेच या खेळाचं वैभव होतं, आणि त्याच्या मृत्यूचं कारणही. ते पुढे येईल.

बुद्धिबळाचा सगळ्यांत जुना खात्रीचा उल्लेख ज्या दरबारात सापडतो तो लखनौपासून फार लांब नाही. सातव्या शतकात कनौजच्या हर्षवर्धनाचं चरित्र लिहिताना बाणभट्टाने त्याच्या राज्यातल्या शांततेचं वर्णन श्लेषांनी केलं आहे. त्यात तो म्हणतो की या राज्यात चतुरंगाची रचना शिकायला मिळते ती फक्त अष्टापदाच्या पटावर; म्हणजे खऱ्या चतुरंग सैन्याला कामच उरलेलं नाही. कनौज ते लखनौ हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. इराणातल्या जुन्या पहलवी ग्रंथात तर भारताच्या राजाने खुस्रो अनुशिर्वान या बादशहाकडे हा खेळ कोडं म्हणून पाठवल्याची आणि त्याच्या वजिराने, बुझुर्गमिहिराने, ते सोडवल्याची कथा आहे. हा राजा कनौजच्या मौखरी घराण्यातला असावा, असं काही अभ्यासक मानतात.

आणि याच प्रदेशात, हजार वर्षांनी, या खेळाचं शास्त्र लिहून ठेवणारा एक माणूस मराठी घराण्यातला निघाला. पैठणहून काशीला गेलेलं भट्ट घराणं महाराष्ट्राला माहीत आहे ते गागाभट्टांमुळे, १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणाऱ्या गागाभट्टांमुळे. त्यांच्या वडिलांचे चुलतभाऊ नीळकंठ भट्ट. यमुना आणि चंबळेच्या संगमाजवळच्या भरेहचा राजा भगवंतदेव हा नीळकंठांचा आश्रयदाता. त्याच्या नावाने त्यांनी ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा प्रचंड धर्मशास्त्रग्रंथ रचला. त्यातल्या ‘नीतिमयूखा’त राजनीती आणि युद्ध सांगता सांगता नीळकंठ बुद्धिबळाकडे वळतात आणि मोहऱ्यांच्या जागा, चाली, नियम सांगतात. श्राद्ध, दान, व्यवहार, प्रायश्चित्त यांच्या रांगेत बुद्धिबळ! धर्मशास्त्र्याला हा विषय हलका वाटला नाही, हे लक्षात ठेवावं. एच. जे. आर. मरे यांनी १९१३ मध्ये बुद्धिबळाचा जो थोरला इतिहास प्रसिद्ध केला, त्यात भारतीय खेळाची माहिती देताना नीळकंठांचा आधार घेतलेला आहे.

मग हा खेळ बदनाम कधी झाला?

त्याचं उत्तर बरंचसं एका कथेत आहे. ऑक्टोबर १९२४ मध्ये लखनौच्याच नवलकिशोर प्रेसच्या ‘माधुरी’ मासिकात प्रेमचंदांची ‘शतरंज के खिलाडी’ आली. पुढे काही वर्षांनी प्रेमचंद स्वतः ‘माधुरी’च्या संपादनासाठी लखनौत राहिले, आणि १९३६ च्या एप्रिलमध्ये प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अधिवेशनाचं अध्यक्षपदही त्यांनी याच शहरात भूषवलं. कथा सर्वांना ठाऊक आहे. शहर विलासात बुडालेलं, दोन जहागीरदार दिवसरात्र डावात, बायका वैतागलेल्या. मिर्झांची बेगम पट उधळते. मग मीरांचं घर, मग गोमतीपलीकडची पडकी मशीद. कंपनीची फौज शहरात शिरते, बादशहा रक्ताचा थेंब न सांडता कैद होतो, आणि हे दोघे त्याच्यासाठी डोळ्यांतून टिपूस काढत नाहीत. मात्र लाकडाच्या वजिरासाठी तलवारी उपसून एकमेकांचा जीव घेतात.

कथा म्हणून तिला तोड नाही. १९२४ साली, असहकार आंदोलन थंडावल्यानंतरच्या मरगळीत, आपल्या वर्गाला जागं करू पाहणाऱ्या लेखकाला ती लिहावीशी वाटणं अगदी रास्त होतं. पण कथेचा प्रभाव इतका जबरदस्त, की ती इतिहास म्हणून वाचली जाऊ लागली. शाळेच्या पुस्तकापासून भाषणांपर्यंत सगळीकडे ठरून गेलं: लखनौ बुद्धिबळाने बुडालं.

वस्तुस्थिती तशी नाही. अवधचा गळा आवळायला सुरुवात झाली ती १८०१ च्या तहापासून. त्या तहाने कंपनीने सआदत अली खानाकडून जवळपास निम्मं राज्य काढून घेतलं आणि उरलेल्या राज्याच्या फौजेवर कात्री चालवली. पुढे नेपाळयुद्धासाठी गाझीउद्दीन हैदरकडून कंपनीने कोट्यवधी रुपयांची कर्जं उचलली आणि एका कोटीच्या बदल्यात तराईचा मुलूख त्याच्या गळ्यात बांधला. वाजिद अली शाह १८४७ मध्ये गादीवर आला तेव्हा त्याने नव्या पलटणी उभ्या केल्या, त्यांना बांका, तिरछा, घनघोर अशी नावं दिली, कवायतीला स्वतः हजर राहू लागला. दरबारातल्या कंपनीच्या रेझिडेंटला ते रुचलं नाही आणि तो उद्योग बंद पडला. गव्हर्नर जनरल डलहौसीने तर अवध हे आज ना उद्या आपल्या तोंडात पडणारं पिकलं फळ आहे, असं खासगी पत्रात कधीच लिहून ठेवलं होतं. रायनी आपल्या चित्रपटात याच पत्रावरून छोटं व्यंगचित्रपटासारखं प्रकरण रचलं आहे.

४ फेब्रुवारी १८५६ ला रेझिडेंट औट्रम तहाचा मसुदा घेऊन वाजिद अलीसमोर उभा राहिला. सही करायला मुदत तीन दिवसांची. वाजिद अलीने आपली पगडी काढून औट्रमच्या हातात दिली, पण सही दिली नाही. ७ तारखेला राज्य खालसा झाल्याचं जाहीर झालं. १३ मार्चला तो लखनौ सोडून कलकत्त्याकडे निघाला आणि १८८७ मध्ये तिकडेच, मटियाबुर्जला वारला.

आणि ज्या शहराबद्दल ‘कुणी तलवार उपसली नाही’ म्हणतात, त्याच शहराने सव्वा वर्षात काय केलं? ३० जून १८५७ ला चिनहटला इंग्रजी फौजेचा पराभव झाला. रेझिडेन्सीला वेढा पडला. बेगम हजरत महलने आपल्या अल्पवयीन मुलाला, बिरजीस कद्रला, गादीवर बसवून कारभार हाती घेतला. लखनौ पुन्हा इंग्रजांच्या हाती पडायला मार्च १८५८ उजाडावा लागला. रेझिडेन्सीच्या भिंतींवरच्या तोफगोळ्यांच्या खुणा आजही कुणालाही पाहता येतात. पट मांडून बसलेल्यांच्या शहराची ही खूण नाही.

रायना ही अडचण कळली होती. त्यांनी मीर-मिर्झांना मारलं नाही. गोळी निसटते, दोघे लाजतात, आणि अंधार पडण्याआधी आणखी एक डाव मांडतात. आता इंग्रजी पद्धतीने, वजिराला बाजूला सारून राणीला जागा देत. प्रेमचंदांचा शेवट निर्णायक आहे. रायांचा शेवट बोचतो, कारण त्यात नियम बदलतात आणि माणसं तशीच राहतात. त्याआधीचा एक प्रसंगही असाच: सोंगट्या बायकोने लपवल्यावर दोघे एका वकिलाच्या घरी पट मिळेल म्हणून जातात, तर तो मरणासन्न, आणि यांची नजर त्याच्या दिवाणखान्यातल्या पटावर. व्यसन दाखवायला याहून जास्त काही लागत नाही. तरी वाजिद अलीच्या चित्रणावरून वाद झालाच. १९७८ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘इलस्ट्रेटेड वीकली’त चित्रपटावर कडक टीका आली आणि रायनी त्याच साप्ताहिकात तिला सविस्तर उत्तर दिलं. वाद राजाबद्दल झाला. खेळाची बाजू घेऊन तेव्हाही कुणी उभं राहिलं नाही.

ती बाजू घ्यायला कलकत्त्याला जावं लागेल.

अवध बुडत होता त्याच सुमाराला कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा बॅरिस्टर राहत होता. इंग्लंडच्या अव्वल बुद्धिबळपटूंत त्याची गणना होई. जवळच्या खेड्यात एक बंगाली ब्राह्मण आहे आणि तो कधी हरत नाही, असं त्याच्या कानावर आलं. त्या माणसाचं नाव महेशचंद्र बॅनर्जी. कलकत्त्याच्या बुद्धिबळ क्लबने त्याला बोलावून घेतलं, आणि पुढे वर्षानुवर्षं दोघांचे शेकडो डाव झाले. कॉक्रेनने ते टिपून ठेवले म्हणून आज उपलब्ध आहेत. महेशचंद्र देशी नियमांत वाढलेला. प्यादं एकच घर चालणार, हे हाताला इतकं मुरलेलं की इंग्रजी नियमांनी खेळतानाही तो मधल्या घरांवर धावून जात नसे. घोडा काढायचा, बाजूचं प्यादं एक घर सरकवून उंट कडेला बसवायचा, आणि समोरच्याला मध्ये येऊ द्यायचं; मग कडेने त्या मध्यावर मारा. मे १८५५ मधल्या एका डावात तो ज्या चाली खेळला, त्या युरोपात अर्न्स्ट ग्रुनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूने १९२२ मध्ये खेळल्या आणि ती सुरुवात ‘ग्रुनफेल्ड बचाव’ म्हणून जगभर गेली. महेशचंद्राच्या आवडीच्या इतर मांडण्या आज ‘किंग्ज इंडियन’सारख्या नावांनी ओळखल्या जातात. त्या नावांतलं ‘इंडियन’ आलं ते या देशी डावातून.

म्हणजे वाजिद अली कलकत्त्याला पोचला त्या दिवसांत, त्याच शहरात, देशी बुद्धिबळाची बुद्धी इंग्रजी पटावर आपलं नाणं खणखणीत वाजवून दाखवत होती. मीर आणि मिर्झा काल्पनिक आहेत. महेशचंद्र खरा आहे. आपण लक्षात ठेवले ते मीर आणि मिर्झा.

सुलतान खानाची कथा याहून जास्त चटका लावते. पंजाबातल्या मिठा टिवाणाचा हा तरुण देशी डावात वाढला. उमर हयात खान या जमीनदाराने त्याला आश्रय दिला, आंतरराष्ट्रीय नियम शिकवायची सोय केली. १९२८ मध्ये तो अखिल भारतीय स्पर्धा जिंकला, १९२९ मध्ये मालकाबरोबर लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद पटकावलं. पुन्हा १९३२ आणि १९३३. हेस्टिंग्जला १९३०-३१ च्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. सुरुवातीच्या चालींचा पुस्तकी अभ्यास त्याला नव्हता, त्यामुळे पहिल्या दहा-बारा चालींत तो मागे पडे आणि नंतर शांतपणे डाव ओढून आणी. १९३३ च्या शेवटी मालक परतला, तोही परतला. पुढची तीस-बत्तीस वर्षं मोठ्या स्पर्धांपासून दूर, शेतीवाडी बघत गेली. १९६६ मध्ये तो वारला. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर किताब दिला २०२४ मध्ये, मरणानंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

खेळात दम होता, खेळाडू होते. तरी देशी डाव का संपला? इंग्रजांनी तो बंद पाडला, असं म्हणणं सोपं आहे आणि खोटं आहे. तो संपला कारण त्याचे नियम कुणी एक केले नाहीत. दिल्लीच्या लाला राजा बाबूंनी १९०१ मध्ये ‘मुअल्लिम-उल-शतरंज’ हे उर्दू पुस्तक काढलं. त्यात देशात चालणाऱ्या तीन रीती नोंदवल्या आहेत: हिंदुस्थानी, पारशी आणि रूमी. तीन ढोबळ रीती, आणि आत शेकडो पोटभेद. लखनौचा माणूस पुण्यात आला तर डावाआधी अर्धा तास नियम ठरवण्यात जाणार. त्यापुढे इंग्रजी रीत छापील होती, एकसारखी होती, वर्तमानपत्रात सदर असलेली होती. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला, १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि आपले रामचंद्र सप्रे तिचे संयुक्त विजेते ठरले. आंतरराष्ट्रीय नियम घेतले, हे योग्यच झालं. ते घेतले नसते तर सांगलीचं नूतन बुद्धिबळ मंडळ, खाडिलकर भगिनी, प्रवीण ठिपसे आणि २०२५ च्या जुलैत बाटुमीला महिला विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख, ही परंपरा उभी राहिली नसती. चूक झाली ती दुसरीच: नवा पट मांडताना गावोगावचा जुना डाव लिहून ठेवायचं राहून गेलं.

वेगळ्या नियमांचं बुद्धिबळ जगू शकतं का? शकतं, आणि त्याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे. फक्त तो बोटांनी वाचायचा पट आहे.

अंधांचं बुद्धिबळ ज्या पटावर चालतं त्याला प्रत्येक घराच्या मध्यभागी भोक असतं आणि प्रत्येक मोहऱ्याच्या बुडाशी खुंटी. मोहरा भोकात रोवायचा, म्हणजे चाचपताना तो हलत नाही. काळी घरं पांढऱ्यांपेक्षा किंचित उंच केलेली असतात. काळ्या मोहऱ्यांना ओळखीची खूण, बहुधा डोक्यावर टाचणीसारखं टोक. असे खुंटीचे पट एकोणिसाव्या शतकात विलायतेत आगगाडीच्या प्रवासासाठीही निघाले होते, पण अंध खेळाडूंनी त्याभोवती स्वतंत्र नियम बांधले. ‘मोहऱ्याला हात लावला की तोच चालवायचा’ हा डोळसांचा नियम इथे लागू करता येत नाही, कारण हात लावल्याशिवाय पट दिसणारच नाही. म्हणून नियम असा केला, की खुंटी भोकातून बाहेर निघाली तरच मोहऱ्याला हात लागला असं धरायचं. दोघांपुढे दोन वेगळे पट. चाल करणाऱ्याने ती मोठ्याने सांगायची, समोरच्याने उच्चारून आपल्या पटावर करायची. ऐकण्यात घोटाळा नको म्हणून आठ पट्ट्यांना आठ नावं दिली आहेत: ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, ईव्हा, फेलिक्स, गुस्टाव, हेक्टर.

एका अंध खेळाडूचा हात पटावर कसा फिरतो ते पाहण्यासारखं असतं. डावा हात सतत हलका, घराघरांवरून सरकणारा. उजवा हात मागे थांबलेला. बोटं राजापाशी येऊन क्षणभर थबकतात, मग समोरच्या उंटाच्या तिरप्या रेषेत जातात आणि परत येतात. डोळस माणूस हा हिशेब मनात करतो. इथे तो हातावर दिसतो.

अशा खेळाडूंचं पहिलं ऑलिंपियाड १९६१ मध्ये जर्मनीतल्या मेशेडला झालं. भारतात ही चळवळ उभी करण्यात मोठा वाटा आहे मुंबईच्या चारुदत्त जाधव यांचा. ते स्वतः अंध आहेत. त्यांनी अंधांसाठी अखिल भारतीय संघटना उभारली, गावोगावच्या मुलांना स्पर्धांत आणलं. त्यांच्यावर आणि तीन तरुण खेळाडूंवर इयन मॅकडोनाल्ड यांनी ‘अल्गोरिदम्स’ हा कृष्णधवल माहितीपट केला, २०१२ मध्ये. त्यातला एक मुलगा, बडोद्याचा दर्पण इनानी, २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई पॅरा स्पर्धेत जलद बुद्धिबळाचं सुवर्ण घेऊन आला. त्याच्या गटातली तिन्ही वैयक्तिक पदकं भारताच्या खेळाडूंनी जिंकली, सांघिक सुवर्णही भारताचंच.

या खेळाडूंना नुसती सहानुभूती मिळाली असती तर हे घडलं नसतं. नियम लिहिले गेले, पट तयार झाले, स्पर्धा भरल्या, नोंदी राहिल्या. देशी डावाला यातलं फारसं काही मिळालं नाही.

अजून वेळ पूर्ण गेलेली नाही. महाराष्ट्रात ऐंशी-पंचाऐंशीच्या पुढची अशी माणसं आहेत जी लहानपणी वाड्याच्या ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात देशी डाव खेळली. लखनौच्या चौकातल्या, बनारसच्या गल्ल्यांतल्या घरांतही असतील. या दिवाळीत घरी जमाल तेव्हा त्यांच्यापुढे पट मांडा आणि विचारा: राजा कुठे ठेवायचा? त्याची उडी कधी? हत्तीच्या घरात पोचलेल्या प्याद्याचं काय करत होता? बुर्जी झाली तर काय धरायचं? राजा कोंडला गेला तर डाव कुणाचा? सुरुवातीला किती चाली एकदम? उत्तरं लिहून घ्या, जमलं तर एक सबंध डाव चालीचालीने टिपा, खाली गावाचं नाव आणि सांगणाऱ्याचं वय घाला. जुनी वही, कापडी पट, लाकडी सोंगट्यांची डबी सापडली तर भंगारात देऊ नका. आणि हे टिपण गावच्या वाचनालयात किंवा जिल्ह्याच्या बुद्धिबळ संघटनेकडे पोचवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे काम होणार आहे.